मदत हवी आहे: नाईट ड्युटी सांभाळून दोन वेळची विपश्यना साधना कशी जमवता?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात स्टाफ नर्स आहे. इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवसांचं शिबिर केलं, तेव्हापासून घरी साधना चालू आहे. फायदा होतो का, हा माझा प्रश्नच नाही. होतो, आणि म्हणूनच ती सुटू नये अशी धडपड आहे. शिफ्टमध्ये काम करून नियमित बसणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत.

ज्यांनी शिबिर केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. चौथ्या दिवसापासून विपश्यना: डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावर लक्ष नेत जी संवेदना असेल ती जाणायची, आवडली म्हणून धरायची नाही, नकोशी म्हणून ढकलायची नाही. पहाटे चारला घंटा, नऊ दिवस आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं-खुणावणं बंद, फोन जमा. फी नाही, शेवटी ज्याला द्यावंसं वाटेल त्यानं दान द्यायचं. ही शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी 2013 मध्ये गेले, पण सूचना आणि प्रवचनं आजही त्यांच्याच आवाजात ऐकवतात. निघताना ते सांगतात की घरी गेल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, शिवाय झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर पाच-पाच मिनिटं अंथरुणातच.

मला काय मिळालं ते एका प्रसंगातून सांगते. मेडिसिन वॉर्डात एका आजींना इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावत होते. वय झालेल्या माणसांच्या शिरा नाजूक असतात, सापडली तरी सुई जाताना सरकते. दुसऱ्यांदा टोचावं लागलं आणि शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा ओरडायला लागला. माझी कानशिलं तापली, श्वास गळ्यापाशी अडकला. पूर्वी हे तापणं माझ्या लक्षात यायच्या आत तोंडून शब्द गेलेला असायचा. आता आधी तापलेले कान कळतात. एक-दोन श्वास नाकपुडीपाशी जाणले आणि म्हटलं, "दादा, दोन मिनिटं बाहेर थांबा, तुमच्या आवाजानं आजी जास्त घाबरल्यात." तो थांबला. शीरही मिळाली. एवढंच आहे, पण वॉर्डात काम करणाऱ्याला या एवढ्याशा उसंतीची किंमत कळेल. घरीही फरक आहे. ड्युटीवरचा राग मुलांवर निघत नाही, हे नवऱ्यानं आपणहून सांगितलं.

आता अडचणी.

पहिली नाईटची. सकाळी हॅंडओव्हर देऊन घरी पोचते तोवर नऊ वाजलेले असतात. तेव्हा बसलं तर पाच मिनिटांत मान खाली. झोपून उठलं की मुलं शाळेतून येतात, स्वयंपाक, डबा, आणि आठला पुन्हा निघायचं. आठवड्याला शिफ्ट बदलते, त्यामुळे अंगवळणी पडेपर्यंत वेळच बदललेली असते.

दुसरी जरा नाजूक आहे. सासूबाई माळकरी. दिवेलागणीला घरात हरिपाठ असतो आणि वन आरके घरात संध्याकाळची मोकळी वेळ तेवढीच. मी त्या वेळी गॅलरीत डोळे मिटून बसायला लागले, तर आईंना वाटलं सुनेनं विठ्ठल सोडला. त्या बोलल्या नाहीत, पण एकदा टाळ माझ्यासमोर ठेवून आत गेल्या. मला त्यांना दुखवायचं नाही, आणि हरिपाठ मलाही आवडतो. पण शिबिरात तर सांगतात की साधनेत मंत्र-जप मिसळू नका. जुने साधक हे घरात कसं सांभाळतात?

तिसरी गोष्ट लिहू की नको असं होत होतं. शरीरावरून लक्ष फिरवत छातीपाशी आले की अलीकडे धडधड सुरू होते आणि 2021 च्या एप्रिलमधला आमचा कोविड वॉर्ड समोर येतो. चेहरे दिसतात, मॉनिटरचे आवाज येतात. तटस्थपणे पाहत राहावं म्हणून बसून राहते, पण नंतर दिवसभर हात गार राहतात. हे "आतलं बाहेर निघतंय" असं समजून चालू ठेवायचं का?

प्रतिसाद – गोदाकाठ

ताई, मी रेल्वेत आहे, शिफ्टचीच नोकरी. मी घड्याळ सोडलं आणि साधना झोपेला बांधली. झोपून उठलो की एक बैठक, मग ते पहाटेचे चार असोत की दुपारचे तीन. दुसरी ड्युटीला निघण्याआधी. नाईटहून आल्यावर बसूच नका. हलकं खा, आंघोळ करा, पडद्यानं खोली अंधारी करा आणि झोपा. आडवं झाल्यावर झोप लागेपर्यंत अंगावरच्या संवेदना जाणत राहा, पाच मिनिटांची ती सूचना आपल्यासारख्यांच्या फार कामाची आहे.

शिफ्ट बदलते त्या दिवशी मी एकच बैठक धरतो. रात्री तीनच्या सुमाराला डोळे जड होतात तेव्हा, काम नसेल तर, खुर्चीतच थोडं आनापान. बसल्यावर पेंग आली तर काही वेळ मुद्दाम जोरात श्वास घ्या, नाहीतर उठून तोंडावर पाणी मारा, हे शिबिरातही सांगतातच. एक तास जमत नसेल तर अर्धा तास बसा, पण उठल्यावरची बैठक मोडू नका. आणि आठवड्याची सामूहिक साधना शोधा. एकट्यानं बसताना मन शंभर कारणं काढतं, चार जणांत बसलं की तास निघून जातो.

प्रतिसाद – आठवा_मजला

हरिपाठाबद्दल लिहिते, कारण आमचंही घर माळकरी. मिसळू नका याचा अर्थ मी असा घेते की श्वास पाहताना त्याला नाम जोडायचं नाही, एका बैठकीत एकच काम. शिबिराचे दहा दिवस जप, पूजा, माळ सगळं बाजूला ठेवायला सांगतात, ते पद्धत नीट पारखता यावी म्हणून. घरी येऊन सासूबाईंशेजारी बसून टाळ वाजवायला कोण अडवतंय? मी हरिपाठाला पूर्ण मनानं बसते, मोठ्यानं म्हणते, आणि साधना वेगळ्या वेळी करते. तरी मनात शंका असेल तर केंद्रावर सहायक आचार्यांना विचारा, ते जुन्या साधकांना वेळ देतात.

आणि टाळ समोर ठेवून गेल्या म्हणजे तुमची वाट पाहतायत हो त्या! आज जाऊन बसा त्यांच्या शेजारी.

प्रतिसाद – पाऊसवाट

तिसऱ्या मुद्द्यासाठी मुद्दाम लॉगिन केलं. मी समुपदेशनाच्या कामात आहे आणि स्वतःही ध्यान करते. ताई, जे तुम्हाला होतंय ते सोसत बसू नका. भयंकर काळातून गेलेल्या माणसाला डोळे मिटून, हालचाल न करता शरीराकडे पाहायला लावलं की त्या आठवणी उसळू शकतात. दर वेळी ते शुद्धीकरण असतं असं धरून चालणं धोक्याचं. बैठकीनंतर दिवसभर हात गार राहतात, याचा अर्थ शरीर अजून त्या वॉर्डातून बाहेर आलेलं नाही.

सध्या छातीवरून लक्ष फिरवणं थांबवा. वीस मिनिटं फक्त आनापान, तेही त्रास झाला तर डोळे उघडे ठेवून. चेहरे दिसायला लागले की पाय जमिनीवर टेकवा, तळव्यांना फरशी जाणवू द्या, खोलीतल्या वस्तू एकेक पाहा, उठून चाला. अधिष्ठानाचा, म्हणजे तासभर न हलण्याचा आग्रह काही महिने नको. दीर्घ शिबिर तर आत्ता मुळीच नको. शिबिराच्या अर्जात मानसिक त्रास आणि औषधांबद्दल विचारतात ते उगाच नाही.

आणि मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. कोविडमध्ये काम केलेल्या किती नर्सेसनी हे मनात दाबून ठेवलंय, मी रोज पाहते. लगेच बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ध्यान आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पाऊसवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि नवऱ्यालाही दाखवला. पेशंटला आम्ही रोज सांगतो की दुखणं अंगावर काढू नका. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, तोवर फक्त आनापान.

गोदाकाठ, या आठवड्यात नाईट आहे. काल झोपून उठल्याबरोबर, चहाच्याही आधी बसले. पेंग आली नाही. मुलं यायच्या आत अर्धा तास पूर्ण झाला.

हरिपाठाला बसले. आईंनी काही विचारलं नाही, पण "उद्या तू चाल धर" म्हणाल्या.

आता एकच विचारायचं राहिलं. ठाणे किंवा मुलुंडला कुणी रविवारी सामूहिक साधनेला जातं का? सकाळची असेल तर नाईट संपवून थेट तिकडे जावं लागेल, म्हणून संध्याकाळची शोधते आहे. माहिती असेल तर इथेच लिहा, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.