आल्बर्ट किंगचे चारच सूर, मग एवढं कौतुक कशाचं?

निवांत_नाना:
सेहेचाळिसाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. घरचे हसून झाले, आता तुम्ही हसा. मास्तरांनी गृहपाठ दिलाय: ब्लूज गिटारवादक आल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' (१९६७) हा आल्बम रोज ऐकायचा. आठवडा झाला. गाणी छान, सॅक्सोफोन-ट्रम्पेटही झकास, पण गिटार? फिरून फिरून तेच चार-पाच सूर. वेग नाही, करामत नाही. आणि एरिक क्लॅप्टनसारख्या नामांकित गिटारवाल्यासकट सगळे याच्या पाया पडतात म्हणे. माझ्या कानांतून नेमकं काय निसटतंय?

उलटी_तार:
नाना, सूर मोजू नका. एका सुरावरून दुसऱ्यावर तो जातो कसा, ते ऐका.

हा माणूस डावखुरा. उजव्या हातवाल्यांची फ्लाइंग व्ही गिटार तो तारा न बदलता तशीच उलटी धरायचा. म्हणजे बारीक तारा वर, जाड खाली. आपण बारीक तार वर ढकलतो. तो ती खाली ओढायचा, सतारीवर मींड घेतात तशी. मूठ आवळताना जोर जास्त मिळतो, त्यात गडी धिप्पाड. वाजवायचं अंगठ्याने, पिक (तार छेडायची चकती) नाही. मी सरळ गिटारवर त्याची नक्कल करायला गेलो. तीन बोटं एका तारेवर लावून अशी ताणली की पहिली तार तुटून गालावर फटकन बसली. खूण अजून आहे, बायको पाहुण्यांना दाखवते.

आणि मागची मंडळी ऐका हो! मेम्फिसचा स्टॅक्स स्टुडिओ, म्हणजे मुळात जुनं थिएटर. तिथला घरचा बँड बुकर टी अँड द एमजीज: अल जॅक्सन ड्रमवर, डक डन बेसवर, स्टीव्ह क्रॉपर दुसऱ्या गिटारवर. ही सोल, म्हणजे ठेक्याचं, नाचायला लावणारं संगीत वाजवणारी मंडळी, त्यामुळे ब्लूज असूनही पाय हलतो. 'क्रॉसकट सॉ'चा ताल तर सरळ रुंबाकडे झुकलाय. एवढी घट्ट बैठक मागे असल्यावर आल्बर्टला जागा भरत बसावं लागत नाही. एक ओळ गायची, गिटारने उत्तर द्यायचं, गप्प बसायचं.

आता एक प्रयोग करा. यातलं 'ओ प्रिटी वूमन' लावा (रॉय ऑर्बिसनचं नव्हे, हे वेगळं) आणि लगेच क्लॅप्टनच्या क्रीम या बँडचं 'स्ट्रेंज ब्रू', तेही १९६७चंच. क्लॅप्टनचा सोलो ऐकून तुम्हीच म्हणाल, आंबे शेजारच्या झाडाचे आहेत. पुढच्या वर्षी क्रीमच्या आल्बममध्ये 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हे शीर्षकगीतही आलं.

खर्जातला:
मींडेची उपमा अर्धीच मान्य. सतारवाला ठरलेल्या सुरावर नेमका पोचतो. आल्बर्ट पुष्कळदा अलीकडेच थांबतो, ना हा सूर ना तो, आणि तिथेच लटकवून ठेवतो. माझ्या मते सगळी गंमत त्या अर्धवटपणात आहे. पुढे गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने ती बरोबर उचलली. गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'मधली (१९८३) गिटार व्हॉनची आहे, पण हात आल्बर्टचा. त्याच वर्षी कॅनडात हॅमिल्टनच्या टीव्ही स्टुडिओत आल्बर्ट आणि व्हॉन एकत्र वाजवायला बसले होते. त्या बैठकीचा आल्बम १९९९मध्ये निघाला. जरूर ऐका, मधल्या गप्पांसकट.

निवांत_नाना:
काल रात्री हेडफोन लावून 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय' ऐकलं. ओढलेली तार सोडताना सूर जो घसरत खाली येतो, तेवढाच तुकडा सात वेळा मागे नेऊन ऐकला. मग स्वतः करून पाहिलं, तर मांजर उठून गेलं. मास्तरांना अजून काही बोललो नाही. तारा दहा नंबरच्या जाडीच्या आहेत, बोटं सोलली. काय करू?

उलटी_तार:
नऊच्या घ्या, त्या आणखी बारीक. आणि चष्मा लावून वाजवा.