खुराकाआधी चारा बघा

आईपासून नुकतंच तोडलेलं देशी जातीचं शिंगरू थंडीत वाळू नये म्हणून धान्य वाढवावं का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते आधी चारा वाढवा. तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबतो तेव्हा उष्णता तयार होते, ती घोड्याची आतली शेकोटीच. रोज वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के सुकं गवत द्या. १५० किलोच्या शिंगराला हे ३ ते पावणेचार किलो होतं. रात्री गव्हाण रिकामी राहू देऊ नका. बुरशीचा वास आला तर ते गवत फेकाच.

देशी जाती थोड्या खाण्यात भागवणाऱ्या असतात. भरपूर धान्याने वाढ झपाट्याने होते आणि कोवळ्या हाडा-सांध्यांवर ताण येतो. नुसत्या गवतातून मात्र प्रथिनं, तांबं, जस्त कमी पडू शकतात, म्हणून खनिज मिश्रण आणि थोडा लसूणघास (प्रथिनं देणारा हिरवा चारा, ल्यूसर्न) हवाच.

दाट केसांवर विश्वास ठेवू नका! खाली फासळ्या निघालेल्या असतात आणि वरून पिल्लू गुबगुबीत दिसतं. दर पंधरा दिवसांनी हात फिरवून बघा.

गार पाणी कमी प्यायलं जातं आणि पोटात चारा अडकून पोटशूळ उठू शकतो, म्हणून कोमट पाणी द्या.

निरोगी शिंगराला झूल बहुधा लागत नाही. भिजणं आणि वारा जास्त बाधतात, त्यामुळे आडोसा हवा. सोबतीला दुसरा घोडाही हवा, एकटं पिल्लू खंगतं. जंतांचं औषध पशुवैद्यांना विचारूनच द्या. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या शेणाच्या तपासणीत दिसत नाहीत.