मदत हवी आहे: झुरळाच्या पायातले स्पाइक ऐकायचेत, पण येते ती लाइटची गुणगुण

प्राणीशास्त्रवाली

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. चेतापेशीचं अ‍ॅक्शन पोटेन्शियल (क्षणभराचा विजेचा ठोका, म्हणजेच स्पाइक) दरवर्षी फळ्यावर काढते, पण त्या वर जाऊन खाली येणाऱ्या रेघेपलीकडे मुलांच्या हाती काही लागत नाही. म्हणून यंदा झुरळाच्या पायातून प्रत्यक्ष नोंद घ्यायचं ठरवलं. (कॉलेजच्या समितीची परवानगी घेतली आहे, तो वाद इथे नको.)

झुरळ बर्फाच्या पाण्यात निपचित केलं, एक पाय काढून थर्माकोलवर ठेवला आणि त्यात दोन टाचण्या खोचल्या. त्यांच्या तारा एडी६२० या अ‍ॅम्प्लिफायर चिपच्या दोन इनपुटना जोडल्या. पुढे टीएल०७२ ही दुसरी अ‍ॅम्प्लिफायर चिप, एकूण गेन (सिग्नलची वाढ) हजारेक पट, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आउटपुट लॅपटॉपच्या माइकला, रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये.

येतो तो नुसता लाइटच्या गुणगुणीचा भुंगा. मध्येच रेघ एका टोकाला जाऊन चिकटते, ती हलतच नाही. मंगळवारी भर प्रॅक्टिकलमध्ये लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि भुंगा थांबला. पायावरचा काटा ब्रशने हलवला तर लाह्या फुटाव्यात तशी तडतड! दहा मिनिटांनी लाइट आली, भुंगाही आला. आता प्रत्येक प्रॅक्टिकल लोडशेडिंग बघून लावू का?

५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (लाइटची तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा) टाकू का? आणि तडतड चेतातंतूंचीच होती, टाचणी हलल्याची नव्हती, हे कसं ठरवायचं?

नॉचप्रेमी

टाका की. ऑडॅसिटीत तयार आहे, दोन मिनिटांचं काम.

सोल्डरगन

इतक्यात नको. गुणगुण फक्त ५० ची नसते. १००, १५०, २५० हर्ट्झलाही तिची पिल्लं असतात. शिवाय फिल्टरने दोष झाकला जातो, जात नाही.

मॅडम, तुमची तिसरी टाचणी कुठे आहे? दोन इनपुट पायात, पण पाय सर्किटच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बिंदूला) जोडलेलाच दिसत नाही. एडी६२० च्या इनपुटमधून अगदी किंचित करंट वाहतो, त्याला परतीची वाट लागते. ती नसली की रेघ टोकाला जाऊन बसते. लाइट नसताना चाललं ते ओल्या थर्माकोलच्या कृपेने, असं समजा. तिसरी टाचणी पायाच्या कापलेल्या टोकाकडे खोचा आणि दोन बॅटऱ्यांच्या मधल्या बिंदूला जोडा.

दुसरा संशयित लॅपटॉपचा चार्जर. तो काढूनच रेकॉर्ड करा. इनपुटच्या तारा वीतभरच ठेवा आणि एकमेकींना पीळ द्या. पायातला स्पाइक मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा आणि मोकळी तार मिलिव्होल्टने गुणगुण गोळा करते, मग कोण जिंकणार? एवढं झालं की सगळं धातूच्या जाळीत ठेवा, आणि जाळीही त्याच ग्राउंडला जोडा. नुसती झाकून ठेवलेली जाळी कामाची नाही.

पॅचवाला

टाचणीचा प्रश्न महत्त्वाचा विचारलात. पाय रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, वितळू द्या आणि तसेच काटे हलवा. तडतड आली तर ती टाचणीची. आवाजाची रेघ स्क्रीनवर मोठी करून बघा: स्पाइक साधारण एक-दोन मिलिसेकंदांचा, म्हणजे ऑडॅसिटीच्या सेकंदाला ४४,१०० ठिपक्यांच्या सॅम्पलिंगला चाळीस ते नव्वद ठिपके. दर २० मिलिसेकंदांनी उंचवटा दिसला तर तो भुंगाच. आणि काटा जोरात दाबल्यावर त्याच तंतूचे स्पाइक उंच होत नाहीत, दाट होतात. एड्रियन आणि झॉटरमन या चेताशास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये बेडकाच्या संवेदी तंतूंवर हेच दाखवलं. एड्रियनना १९३२ चं नोबेल मिळालं, शेरिंग्टन यांच्यासोबत.

प्राणीशास्त्रवाली

तिसरी टाचणी नव्हतीच. लाज वाटली, पण खरं आहे. एका मुलाने विचारलंय, 'मॅडम, व्हिडिओत पेशी हिरव्या चमकतात, तसं आपल्याला दिसेल का?' काय सांगू?

पॅचवाला

झुरळाच्या पायात नाही. चमकते ती वीज नसते. चेतापेशीने स्पाइक सोडला की आत कॅल्शियम शिरतं आणि त्याला चिकटणारं प्रथिन निळ्या उजेडात हिरवं उजळतं. ते प्रथिन म्हणजे जीकॅम्प, जपानच्या नाकाई यांच्या गटाने २००१ मध्ये केलेलं. त्याचं जनुक प्राण्यात आधी घालावं लागतं, म्हणून फळमाश्या, उंदीर किंवा झेब्राफिश या छोट्या माशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं. २०१३ मध्ये अशा पिल्लाच्या मेंदूतल्या सुमारे ८० टक्के पेशी दर १.३ सेकंदांनी टिपल्या गेल्या. त्या मुलाला हेही सांगा की ती चमक आळशी असते, विझायला स्पाइकपेक्षा कितीतरी पट वेळ घेते. लागोपाठचे स्पाइक तिच्यात मिसळून जातात. हजारो पेशी एकदम बघायच्या तर प्रकाश, एकेक ठोका मोजायचा तर तारच. तुमच्याकडे तार आहे, रडू नका :)

प्राणीशास्त्रवाली

आजचा अहवाल. तिसरी टाचणी, चार्जर बाहेर, ३०० हर्ट्झखालचं सगळं कापलं आणि सासूबाईंचं दुधाचं जुनं जाळीचं कपाट टेबलावर आणून ग्राउंडला जोडलं. लाइट असताना तडतड स्वच्छ! फ्रीझरमधला पाय गप्प. काटा दाबून धरला की तडतड आधी दाट, मग विरळ होत जाते, हे मुलांनीच आधी ओळखलं. फक्त कपाट दिवाळीआधी परत द्यायचंय. जाळी स्वस्तात कुठे मिळेल?

सोल्डरगन

हार्डवेअरच्या दुकानात डासांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी मागा, नायलॉनची देतील तर घेऊ नका. तार जोडायच्या जागी रंग असेल तर खरवडून घ्या.