हलगी-संबळ घेऊन इलेक्ट्रॉनिक म्युझिक आणि स्वतःचं लेबल: सुरुवात कुठून करावी?

परभणीचा_नवखा
नमस्कार मंडळी. दिवसा मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आणि रात्री एफएल स्टुडिओ (कॉम्प्युटरवर संगीत बनवायचं सॉफ्टवेअर), असं माझं चालतं. हाऊस-टेक्नो, म्हणजे एका ठोक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत करतो, त्यात हलगी आणि संबळ घालतो. पण सॅम्पल पॅकमधली, म्हणजे तयार आवाजांच्या संचातली हलगी टाकली की ट्रॅक वरातीतल्या डीजे मिक्ससारखाच वाजतो, माझा वाटत नाही. दुसरं म्हणजे, आम्ही तिघं मित्र मिळून छोटं लेबल, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी संस्था काढायची म्हणतोय. कंपनी रजिस्टर करावी लागते का? कुणी केलं असेल तर सांगा.

गोदाकाठ
सुरुवातीला कंपनी लागत नाही भाऊ. एकाच्या नावावर प्रोप्रायटरशिप (एकट्याच्या मालकीचा धंदा) चालते, छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन फुकट होतं. गाणी ऑनलाइन ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं अकाउंट काढा, गाणं सगळीकडं जातं. पैसे लगेच धरू नका मात्र. स्पॉटिफाय २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या ट्रॅकचे पैसेच देत नाही. बँडकॅम्प या वेबसाइटवर ऐकणाऱ्याला थेट विक्री होते, डिजिटलवर ते १५ टक्के कापतात.

अंबाजोगाईकर
नवखा भाऊ, आधी आवाजाचं बोलू. लेबल कशासाठी काढायचं ते त्यातूनच कळेल.

सॅम्पल पॅक बंद करा. तुमच्या पंचक्रोशीत हलगीवाला मिळणार नाही असं होणारच नाही. त्याच्याकडं रेकॉर्डर घेऊन जा. २४ बिट ठेवा आणि लेव्हल चांगली खाली, पीक (सगळ्यात मोठा आवाज) वजा १२ डीबीच्या आसपास, कारण जाड काठीचा पहिलाच फटका आवाज फाडतो. तो हलगी शेकायला बसला की तिथपासूनच रेकॉर्डिंग चालू करा. जाळावर कातडं ताणलं की आवाज कडक निघतो, आणि वाजवता वाजवता ते गार पडलं की सूर उतरत जातो. एका ट्रॅकमध्ये मी तो उतरता सूर तसाच ठेवला. पिच दुरुस्त केला नाही, सिंथेसायझरची बेसलाइनच (खालच्या सुरांची ओळ) हलगीमागं हळूहळू खाली नेली. असा आवाज कुठल्या पॅकमध्ये मिळणार?

लयीचंही तेच. गोंधळी संबळ वाजवताना पद रंगात आलं की लय चढवतो. आपण त्याला धरून मिनिटाला १२४ ठोक्यांच्या (बीपीएम) ठरलेल्या ग्रिडवर ठोकून बसवतो आणि त्यातला जीव जातो. उलटं करा, किकला (इलेक्ट्रॉनिक ढोलाच्या ठोक्याला) त्याच्या मागं चालवा. एबलटन लाइव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या क्लिपला (रेकॉर्डिंगच्या तुकड्याला) टेम्पो लीडर करता येतं, मग बाकी सगळं तिच्या लयीनं चालतं. एफएलमध्ये टेम्पोला हातानं ऑटोमेशन द्यावं लागेल, म्हणजे लय कुठं किती बदलायची ते स्वतः आखावं लागेल. किचकट आहे, पण करा. माझं ठाम मत आहे की आपला आवाज इथंच घडतो.

हिंदी सिनेमासंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीचं टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन साथीला घेऊन राग वाजवून रेकॉर्ड काढली. टीबी-३०३ म्हणजे गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. २०१० मध्ये एका छोट्या डच लेबलनं ती पुन्हा काढली, तेव्हा जगभर लोक चकित झाले. लेबलचं काम मला हे वाटतं. अपलोड काय, डिस्ट्रिब्युटर करतोच. कुणी काय वाजवलं ते सांभाळायचं, त्याचं नाव लावायचं आणि ऐकणाऱ्यापर्यंत नेत राहायचं, ते काम आपलं.

म्हणून पहिला खर्च वादकाच्या मानधनाचा धरा, लोगोचा नाही. आमच्याकडच्या एका हलगीवाल्या काकांचं वाजवणं कुणीतरी उचलून रिमिक्समध्ये घातलं, वर स्वतःच्या डीजेचं नाव ओरडायला लावलं. काकांना ते नातवाच्या मोबाईलवर ऐकायला मिळालं. ना नाव, ना पैसा. कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरासाठी केलेल्या सादरीकरणावर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आहे. पद पारंपरिक असेल, पण वाजवणारा हात त्याचा आहे ना.

कागद मराठीत करा. मानधन किती, निव्वळ कमाईत वाटा किती, नाव कुठं येणार, हे स्पष्ट लिहा. तुकडा दुसऱ्या ट्रॅकमध्ये वापरायचा तर पुन्हा विचारायचं, हेही घाला. ट्रॅक बनवणाऱ्या प्रोड्यूसरकडून लेबलसाठी हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश टाकायला विसरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचं गाणं बर्लिनला वाजणार असेल तर हे आधीच बघा. चाल किंवा शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगचा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा क्रमांक) वहीत टिपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच कोड द्यायचा.

परभणीचा_नवखा
दादा, लई मोलाचं सांगितलंत. एक अडचण आहे. आमच्या गल्लीतले काका कागद बघितला की सही नको म्हणतात. जमिनीच्या भानगडीत पोळलेत. जोर करू का?

अंबाजोगाईकर
जोर अजिबात नको. कागद त्यांच्या घरी चार दिवस ठेवा. घरातल्या शिकलेल्या पोरीनं किंवा सुनेनं वाचून दाखवू द्या, तुम्ही समोर बसू नका. रेकॉर्डिंगचे पैसे त्या आधीच द्या, सही होवो न होवो. तरीही नाही म्हणाले तर ते रेकॉर्डिंग बाहेर काढायचं नाही, डिलीट करून त्यांना दाखवायचं. हो म्हणाले तर एक प्रत त्यांच्याकडं द्या आणि दर सहा महिन्यांनी हिशोब घेऊन जा, शंभर रुपये झाले असले तरी.

गोदाकाठ
अंबाजोगाईकर, त्या कागदाचा नमुना इथं टाकता का? नावं काढून. बऱ्याच जणांना लागेल.

अंबाजोगाईकर
टाकतो. वकिलांकडून एकदा नजरेखालून घातला की रविवारपर्यंत.