कंट्रोलर राहू द्या, आधी तेल बदला

पणजीहून जानेवारीत मनालीला न्यायच्या तिसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीला वेगळा हॅल्डेक्स कंट्रोलर (मागच्या चाकांनाही ताकद देऊन गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह करणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) बसवू का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नको. आधी हॅल्डेक्सचं तेल बदला आणि पंप काढून त्याची जाळी बघा. क्लचच्या झिजेचा काळा गाळ तिथे साचला की तेलाचा दाब कमी होतो, मग मागची चाकं ओढतच नाहीत. गोव्याच्या सपाट रस्त्यांवर हे कळतसुद्धा नाही!

उरलेले पैसे विंटर टायरांवर घाला. चोर्ला घाटात भर पावसात छान पकडणारे समर टायर ७ अंशांखाली कडक होतात. चारही एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. आणि उतारावर जपा हो, ब्रेक मारताना ऑल-व्हील-ड्राइव्ह काही कामाची नाही.