कुंभारणीचं घरटं खरवडण्याआधी

नव्या घरात गेल्यावर खिडकीच्या चौकटीवरचे मातीचे गोळे आधी खरवडून टाका, असा एक सल्ला वाचला, तो मला अजिबात पटला नाही. ते कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घरटं बांधणाऱ्या माशीचं काम. ती गांधीलमाश्यांसारखी घोळक्यानं राहत नाही, घरटं राखायला सहसा अंगावरही येत नाही. आतल्या एकेका कप्प्यात एक अंडं आणि डंख मारून लुळे केलेले कोळी असतात (काही जाती कोळ्यांऐवजी अळ्या आणतात). ते जिवंत असल्यामुळे नासत नाहीत आणि अंड्यातून निघालेल्या अळीला ताजं अन्न मिळतं. किती विलक्षण आहे हे!

कोरड्या गोळ्याला गोल भोक असेल आणि माशीची ये-जा नसेल, तर पिल्लू बहुधा उडून गेलंय, खुशाल काढा. भोक नसेल तर राहू द्या. घरमालक रंग देणार असतील तर तेवढी चौकट शेवटी घ्यायला सांगा.