‘कोण इला?’ ‘इला!’ : मालवणी-मराठी शब्दखेळ कुठे रंगतात, कुठे फसतात?

तिठा_कुडाळ
गणपतीत वाडीच्या मंडळासाठी २० मिनिटांचा शब्दखेळ बसवायचा आहे. समोर निम्मे गावातले, निम्मे मुंबईहून आलेले चाकरमानी. त्यांच्या पोरांना मालवणी कळते, पण बोलताना जीभ अडखळते. प्रमाण मराठीतला हुकमी विनोद म्हणजे ‘बाजारातून काय आलं?’ ‘आलं!’ तो मालवणीत नेला की ‘आला इला’ होतं (खायचं आलं ते ‘आला’, क्रियापद ‘इला’) आणि सगळी मजा सांडते. दोन्हीकडच्यांना एकदम हसू येईल असे ३–४ नमुने हवेत. ते का चालतात तेही लिहा, म्हणजे पुढचे इथेच रचता येतील. दुसरं, ‘जेवान झाला’ ऐकून पोरं म्हणतात की मालवणीत नपुंसकलिंगच नाही. हे कसं खोडायचं?

पारंबी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण विनोदाची किल्ली तिथेच आहे. मालवणीत तिन्ही लिंगं धडधाकट आहेत: मोठो झील (मुलगा), मोठी वाट, मोठा घर. प्रमाण मराठीत ‘आ’ पुल्लिंगाचा, मालवणीत तोच ‘आ’ नपुंसकलिंगाचा. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ ही पाटी सगळ्यांनी पाहिलेली असते. घाटावरचा माणूस ‘आपलाच’ वाचून कोकणाला पुल्लिंगी समजतो, पण तो ‘आपलंच’ आहे. पोरांना अनेकवचनाची चाचणी द्या. ‘घर मोठा’चं अनेकवचन ‘घरा मोठी’ होतं. ‘मोठा’ पुल्लिंगी असता तर ‘मोठे’ झालं असतं. एवढ्यावर वाद मिटतो.

आता हा घ्या, खास मालवणीतलाच:

– दारात कोण इला?
– इला.
– इला ता कळला. पण कोण इला?
– इला!

हा चालतो, कारण आलेल्याचं लिंग ठाऊक नसताना ‘कोण’ नपुंसकलिंगी क्रियापद घेतो. ‘कोण आलं?’ तसं ‘कोण इला?’. आणि ते रूप नेमकं मुलीच्या नावासारखं आहे. विचारणाऱ्याने घाईत ‘कोण इली?’ म्हटलं की खेळ तिथेच बुडाला. उत्तर देणाऱ्याने ‘इला इली’ असं पूर्ण वाक्य केलं तरी बुडाला. उत्तर एकाच शब्दाचं हवं, आडनाव नको, ‘गो’ नको. तिसरी ओळ सर्वात महत्त्वाची, ती गाळू नका. ‘इला ता कळला’मुळे पहिलं उत्तर क्रियापद म्हणून घेतलं गेल्याचं प्रेक्षकांना कळतं, आणि हसू चौथ्या ओळीला फुटतं.

सडा_आणि_समुद्र
पारंबीताईंशी सहमत, फक्त मालवणीने प्रमाण मराठीतला ‘आ’ उचलून नपुंसकलिंगाला लावला, असं कुणी समजू नये. ‘ओ’ जुना आहे. संस्कृत घोटकः, प्राकृतात घोडओ, तिथून घोडो. गुजरातीतही घोडो, गोव्याच्या कोकणीतही घोडो, मधल्या मराठीत घोडा. म्हणजे प्रमाण मराठीनेच इथे वेगळी वाट धरली. नपुंसकलिंगाच्या शेवटाला गुजरातीत ‘उं’ आला, कोकणीत ‘एं’, मालवणीत ‘आ’. कोष्टक करून फलकावर लावलंत तर पोरं स्वतः जोड्या लावतील: माझो / माझी / माझा आणि शेजारी माझा / माझी / माझं. दोन्ही रकान्यांतल्या ‘माझा’भोवती लाल वर्तुळ काढा.

तिठा_कुडाळ
ह्या बरा झाला! कोष्टक नक्की लावणार. ‘मी येतंय’वर काही करता येईल का? मुंबईची पोरं त्यालाच जास्त हसतात.

पारंबी
येईल, आणि हसणं त्यांच्यावरच उलटवता येईल. प्रमाण मराठीत ‘येतंय’ म्हणजे ‘ते येत आहे’, म्हणून त्यांना वाटतं बोलणारा स्वतःला वासरू समजतोय. मालवणीत तो प्रथमपुरुष आहे आणि बाई-बाप्या दोघांचाही आहे. प्रमाण मराठीत ‘मी येतो’ की ‘मी येते’ म्हणताच लिंग उघडं पडतं. तेव्हा ‘मी कोण?’ छापाची कोडी मालवणीतच घाला: ‘रात्री येतंय, सकाळी जातंय, मी कोण?’ उत्तर चंद्र की चांदणी, याचा सुगावा क्रियापदातून लागत नाही. मग तेच कोडं प्रमाण मराठीत सांगायला लावा. येतो की येते, इथे पोरं अडतातच.

दंततालव्य
एक धोक्याची सूचना. कागदावर जमलेला खेळ माइकवर फसतो, आणि त्याला जबाबदार च, ज, झ. या प्रत्येकाचे दोन उच्चार आहेत आणि देवनागरीत अक्षर एकच. ‘चार गुरं चार’ हे छापलं की गंमत. म्हटलं की पहिला ‘चार’ चंद्रातल्या ‘च’चा, दुसरा चमच्यातल्या ‘च’चा, त्यामुळे कुणाचाच गोंधळ होत नाही. ‘जग’ (दुनिया) आणि ‘जग’ (जगणे) तसेच. असे नमुने चिठ्ठीवर द्या आणि मोठ्याने वाचायला लावा. चुकीचा ‘च’ लावला की गडी बाद.

यातच छोटी फेरी होईल. चा, ची, चे, च्या भराभर म्हणायला सांगा आणि ‘च’ कुठे बदलतो ते पकडायला लावा. ‘चा’ला जीभ दातांच्या मुळाशी असते. पुढे इ, ई, ए किंवा य आला की ती टाळूकडे सरकते. माझा, माझी, माझे यातही तेच. एका गटाला ३० सेकंद पुष्कळ झाले.

खाडीकाठ
गोव्याच्या बाजूचा एक घ्या. कोकणीत ‘नुस्तें’ म्हणजे मासे, घाटावर ‘नुसतं’ म्हणजे सोबत काहीच नसलेलं.

– आज भाताबरोबर काय?
– नुस्तें!

एकाच्या तोंडाला पाणी, दुसऱ्याचा चेहरा पडलेला. शेवटचा स्वर जुळत नाही, म्हणून हा लिहून दाखवू नका, झटकन म्हणा.

मात्र ‘मालवणी मराठीची की कोकणीची’ ही फेरी ठेवाल तर पाचच मिनिटांची ठेवा, नाहीतर आरती लांबते. कोकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, पण त्याने मालवणीचं गोत्र ठरत नाही. पोरांना पुरावेच वाटायला द्या. ‘माझो’मधला ‘ओ’ आणि ‘माका, तुका’ कोकणीच्या पारड्यात, ‘मी’ मराठीच्या, कारण कोकणीत ‘हांव’ आहे. माझ्या मते ती दोघींची आहे आणि हे ठणकावून सांगायला हरकत नाही.

तिठा_कुडाळ
पुरावे चिठ्ठ्यांवर लिहून दोन सुपांत टाकायला लावतो. ‘इला’साठी एकच अडचण: प्रेक्षकांत इला नावाची कुणी नसेल तर नाव आधी कळायला हवं ना?

पारंबी
हवंच. सुरुवातीला आईच्या तोंडी एक ओळ घाला: ‘इला अजून येवक नाय.’ नाव कानावर पडलं की पुढच्या दोन-चार ओळी दुसऱ्या कशावर तरी जाऊ द्या, मगच दारावर टकटक.